खांद्यावरची चार बोटं

ता. ९, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. मी ठीक आहे, तूही असशील असं धरून चालते. सहा वर्षांनी माझं पत्र बघून दचकू नकोस, कुणी आजारी नाही.

हल्ली शनिवारी चित्रकलेच्या वर्गाला जाते. हसू नकोस! आमच्या बाई खमक्या आहेत. सरावाला त्यांनी एक जुनं चित्र दिलंय, गावोगाव फिरून तसबिरी काढणाऱ्या कुणा चिताऱ्याचं. निळ्या झग्यातली मुलगी, डोळे बशीएवढे, हात म्हणजे गाजरांची जुडी. चौकोन आखून जसंच्या तसं उतरवायचं. म्हटलं, हा तर डाव्या हातचा मळ.

तीनदा उतरवलं. तिन्ही वेळा बाई म्हणाल्या, "खांदा नीट बघ. आहे ते काढ, तुला हवं ते नको."

चौथ्यांदा भिंग घेऊन बसले. मुलीच्या खांद्यावर, रंगाखाली, चार बोटं आहेत गं! बाई म्हणाल्या, "शेजारी मोठी बहीण होती म्हणे. घरच्यांनी नंतर रंग देऊन झाकली. वरचा रंग विरला की खालचं दिसतंच."

तेव्हापासून मला खांद्यावर कुणाचा तरी हात जाणवतो. ऑफिसात फाइल काढताना, भांडी घासताना. वळून बघते, तर कुणी नसतं. भीती वाटते, ताई.

बैठकीतला आपला दोघींचा फोटो आठवतो ना? घर सोडल्यावर तू एकदाच आलीस, तो अर्धा कापलेला पाहिलास आणि दारातूनच परत फिरलीस. बाबांच्या शेवटच्या आजारपणातही आली नाहीस.

बाबांनी नाही कापला. मी कापला. मला न सांगता गेलीस म्हणून, शिवणाच्या कात्रीनं. तू आलीस त्या दिवशी मी पडद्याआड उभी होते. तुला वाटलं त्यांनीच कापला, तरी बाबांनी माझं नाव घेतलं नाही. नंतर मी उरलेला फोटो भिंतीवरून उतरवायला गेले, तर म्हणाले, "असू दे. तुझ्या खांद्यावर तिची बोटं तरी आहेत."

शेवटपर्यंत ते दाराकडे बघत होते, आणि फोटो मी कापला हे तुला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

गेल्या शनिवारी माझ्या चित्रात ती चार बोटंही रंगवली. बाईंनी नुसती मान डोलावली.

तुझा कापलेला तुकडा सोबत पाठवतेय. इतकी वर्षं माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यात होता. त्यात तू अख्खी आहेस, बोटं सोडून. ती इथे भिंतीवर आहेत. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण बाबांवरचा राग सोड.

तुझी,
जिच्या खांद्यावर अजून तुझा हात आहे ती