नाव नसलेली फाइल

प्रिय ताई,

लेकीकडे सुखरूप पोचलीस, नातवाने आल्या आल्या तुझा चष्मा लपवला, हे फोनवर कळलं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितो. आधी एक सांगणं: तिकडचा मुक्काम वाढव. खालच्या, दाजींच्या वाचनाच्या खोलीची किल्ली तुझ्या पर्समध्ये आहे, ती जावयाकडे दे आणि परत मागू नकोस. कारण सांगतो, पण क्रमाने. मधलं गाळून सांगणं मला या जन्मात जमलेलं नाही.

आपला सर्व्हर भरतोय. रेकॉर्डिंग साठतात तो डिस्कचा कप्पा सकाळी फाइली हलवून मोकळा करावा, तर दुपारच्या चहापर्यंत पुन्हा काठोकाठ. अंध मुलांची परीक्षेची पुस्तकं अर्धी वाचून अडकली आहेत. वाचणाऱ्या बाई समोरच्या खोलीत रोज घसा साफ करून बसतात, दोन पानं होतात आणि यंत्र हात वर करतं. शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, कंपनीचा माणूस बोलावू का. म्हटलं, जरूर बोलवा, चहा मी पाजतो. रेडिओ दुरुस्त करता करता सर्व्हरचं युनिक्स शिकलो मी, कुणाच्या पायाशी न बसता. माझ्या यंत्राचं पोट का दुखतंय हे परक्याने येऊन सांगायची वेळ अजून आलेली नाही.

विचित्र असं, की एकेक फाइल मोजत गेलो तर कप्पा निम्म्याहून जास्त रिकामा. आणि कप्प्यालाच विचारलं तर म्हणे, तीळ ठेवायला जागा नाही. दोन्ही आकडे यंत्राचेच, दोन्ही खरे. नवशिके इथे चक्रावतात. याचा अर्थ एकच असतो: कुठलीतरी फाइल पुसलेली आहे, पण एखादा प्रोग्रॅम तिला अजून धरून बसलाय. नाव गेलं, म्हणून ती कुठे दिसत नाही. पण धरणारा सोडत नाही तोवर जागा अडलेली राहते, आणि तो तिच्यात खुशाल लिहीतही राहतो.

धरणारा सापडला. दाजींचा रेकॉर्डर. ते गेल्यावर त्यांचं सगळं वाचन मी दुसऱ्या डिस्कवर नीट उतरवून घेतलं आणि इथलं पुसलं, पण त्यांच्या खोलीतल्या माइकला कान लावून बसलेला प्रोग्रॅम बंद करायचा राहिला. तो त्यांनी माझ्याकडून हवा तसा करून घेतला होता. आवाज असेल तेवढंच लिहायचं, शांतता गाळायची. म्हणायचे, मेव्हणे, गप्प बसायला मी घरात आहेच, इथे त्याला जागा देऊ नका.

मग कुलूपबंद खोलीत आवाज कसला, म्हणून मी ती फाइल त्या प्रोग्रॅमच्याच वाटेने ऐकली. ताई, तुझा आवाज आहे. ओळखल्याबरोबर बंद करायला हवं होतं, केलं नाही, माफ कर. तू खाली जातेस, त्यांच्या खुर्चीसमोर बसतेस आणि बोलतेस. पाण्याच्या टाकीचं, गुडघ्याचं, मी किती हेकट होत चाललोय त्याचं. तेवढं मला समजतं. पण तू काही विचारतेस, थांबतेस, आणि मग कुणी बोललं असावं तशी म्हणतेस, "हं, तेही खरंच." ते मधलं थांबणं फाइलमध्ये अख्खं आहे. रेकॉर्डरने गाळलेलं नाही. हेडफोन लावून, आवाज होता तेवढा चढवून ऐकलं. पंखा नाही, श्वास नाही, काही नाही. आणि यंत्र त्याला आवाज म्हणतंय.

माझ्याकडच्या दुसऱ्या किल्लीने खोली उघडून माइक बदलला. वायर बदलली. मग भर दुपारी स्वतः त्या खोलीत श्वास रोखून बसलो. फाइल तसूभर वाढली नाही. बाहेर आलो, दार ओढून घेतलं, पडद्यावर बघितलं, तर वाढत होती. मी आत होतो तेवढा वेळ सोडला, तर तू गेल्यापासून ती थांबलेलीच नाही. कप्पा भरतोय तो त्यानेच.

निघायच्या दिवशी बॅग भरून झाल्यावर तू खाली गेली होतीस. फाइलमधलं तुझं शेवटचं बोलणं असं आहे: "मग येऊ का मी आता? एकटीला कंटाळा आलाय." कुठे येऊ, हे मी विचारत नाही. त्यानंतर दार लागतं, आणि मग ही शांतता, आत्तापर्यंत. तू विचारून निघून गेलीस. उत्तर अजून चालू आहे. फाइलची प्रत काढायला मला दोन मिनिटं पुरतील, आणि प्रत काढल्याशिवाय मी आजवर काही पुसलेलं नाही. आज पुसणार आहे. पाकीट चिकटवलं की रेकॉर्डर बंद करतो. नाव नसलेली फाइल त्याच क्षणी जाते, ती कुणालाच परत आणता येत नाही, मलाही नाही. मुलांची पुस्तकं अडलीत हे खरं, पण त्यासाठी करतोय असं खोटं सांगणार नाही. तू मला बोल लाव, वर्षभर बोलू नकोस, चालेल. लेकीजवळ राहा, रविवारी मी तिकडे येतोय. त्या फाइलमध्ये मला काहीच ऐकू आलं नाही, ताई. तुला आलं असतं.

तुझाच हेकट भाऊ