शिडी आमचीच आहे

३ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. राजकारणात मन मोकळं करायला दुसरी जागा नसते म्हणतात.

नव्या पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांचा स्वतः फोन आला. आमच्या वॉर्डाचा संयोजक म्हणून माझी निवड. एकमताने. (दुसरा अर्ज नव्हता. पण तो का नव्हता, याचाही विचार व्हायला हवा.) डिसेंबरात नगरपालिकेची निवडणूक. उमेदवार मीच.

ऑफिसात साहेबांना सांगून टाकलं की बढती नको. बढती घेतली तर बदली, बदली घेतली तर वॉर्ड सुटतो. विमा कंपनीत क्लेम नाकारण्यात अर्धं आयुष्य गेलं, आता लोकांना काहीतरी होकारार्थी द्यायचं आहे. साहेब म्हणाले, नीट विचार केलात ना? म्हटलं, राज्याचा केला.

घरी सांगितलं. बदलीच्या गावी हिची बहीण राहते आणि तिथल्या क्वार्टरला मागे ऊन येणारी गच्ची आहे. हिने काचेचे बाऊल वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतले होते. ऐकून एकेक बाऊल सोडवून फळीवर ठेवला. आवाज करून.

निवडून आलो की समजेल तिला.

५ ऑगस्ट
जनसंपर्क सुरू. संकल्प: रोज वीस घरं.

आज तीन झाली. पहिल्या घरी कुरिअरवाला समजून सही केली. दुसऱ्या घरी आतूनच ओरडून सांगितलं, काही नको. मी काही देत नव्हतो, घेत होतो, हे ऐकायलाही दार उघडलं नाही. तिसऱ्या घरचे आजोबा मात्र सगळं ऐकून घेत होते. नंतर सूनबाई आल्या आणि म्हणाल्या, मशीन लावल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही.

जनता झोपलेली आहे. कुणीतरी उठवायलाच हवी. पाय दुखतात.

९ ऑगस्ट
अध्यक्षांचं फोनवरून मार्गदर्शन. पक्षाचं चिन्ह शिडी. अजून निवडणूक कार्यालयाचं शिक्कामोर्तब व्हायचंय, पण ती औपचारिकता. ते म्हणाले, लोक माणूस विसरतात, चिन्ह लक्षात राहतं. चिन्ह घराघरांत पोहोचवा.

काय दूरदृष्टी! संध्याकाळी ॲल्युमिनियमची घडीची शिडी घेऊन आलो. हिने विचारलं, ही ठेवणार कुठे? मोठ्या प्रश्नांच्या वेळी बायकांना असे प्रश्न कसे सुचतात कोण जाणे. सध्या बेडरूममध्ये, माझ्या बाजूला.

१० ऑगस्ट
क्रांती!

शिडी खांद्यावर घेऊन गल्लीत शिरलो आणि दारं आपोआप उघडली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वरूनच हाक मारली, अहो, जरा वर येता का? परवा याच काकूंनी काही नको म्हटलं होतं. वर गेलो. त्यांचे यजमान शिडीवर चढून पंखा पुसत होते, मी खाली शिडी धरून पक्षाचं आर्थिक धोरण समजावत होतो. प्रत्येक मुद्द्याला ते हूं म्हणाले. शेवटी विचारलं, मग शिडी लक्षात राहील ना? तर म्हणाले, राहील म्हणजे काय, पुढच्या आठवड्यात माळा काढायचाय.

पहिलं घर पक्कं.

२२ ऑगस्ट
शिडी एकही दिवस घरी नसते. जळमटं, ट्यूबलाइट, पडद्याची दांडी, माळ्यावरची गादी. नेणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगतो: शिडी विसरू नका. कुणीही विसरत नाही. मुलं मला शिडीकाका म्हणतात. चार घरं ओलांडून पलीकडचा दाढीवाला, जो माझ्याकडे बघून मान वळवायचा, तोही आज स्वतःहून हसला. त्याच्या बाथरूमची खिडकी अडकली होती.

माझा हिशेब साधा आहे. ज्या घरात शिडी गेली ते घर आपलं. या हिशेबाने अर्धा वॉर्ड माझ्या खिशात. अध्यक्षांना कळवलं. त्यांनी अंगठा पाठवला.

६ सप्टेंबर
मी ऑफिसात असताना शिडी हीच देते. तिला सांगितलं होतं, देताना पक्षाबद्दल दोन वाक्यं बोलत जा. आज विचारलं, बोलतेस ना? म्हणाली, एक बोलते. परत आणून ठेवा.

घरातूनच असं असेल तर राज्य कसं बदलायचं?

१५ सप्टेंबर
गल्लीतला इलेक्ट्रिशियन हा माझा सर्वांत कट्टर कार्यकर्ता. स्वतःची शिडी मोडल्यापासून जवळजवळ रोज आपलीच नेतो. आज त्याला वॉर्डाचा सहसंयोजक नेमलं. तो म्हणाला, बरं, आणि शिडी घेऊन गेला. कमी बोलणारी माणसंच संघटना बांधतात.

एक दोष आहे. लोकांच्या घरी गेला की त्यांच्याच गप्पा ऐकत बसतो. कुणाचं पाणी चढत नाही, कुणाच्या गल्लीत दिवा नाही. मी बजावलं, वेळ वाया घालवू नकोस, आपली भूमिका मांड. तो म्हणाला, भूमिका तुम्ही मांडा, मी दिवा लावून येतो.

२ ऑक्टोबर
संताप. सत्ताधारी पक्षाचे फलक आमच्या गल्लीत लागले, आणि ते आमच्या शिडीवर चढून लावले! हिनेच दिली. म्हणे, मागायला आलेला मुलगा चांगला होता, पाणीही मागितलं नाही त्याने.

सायंकाळी ६
शांतपणे विचार केला. विरोधकांनाही वर जायला आपलीच शिडी लागते, हा केवढा मोठा विजय! हे वाक्य भाषणात घ्यायचं.

१२ ऑक्टोबर
मी नाकारलेली बढती शेजारच्या टेबलावरच्याला मिळाली. मला सात वर्षं ज्युनिअर. फाइलवर अजून पेन्सिलने टिकमार्क करतो. त्याने केक वाटला. मी मोठ्या मनाने दोन तुकडे खाल्ले.

घरी सहज बोलून गेलो. हिने विचारलं, कसला केक? म्हटलं, चॉकलेटचा. ती म्हणाली, तिकडच्या गच्चीत मी गुलाब लावणार होते. केकचा आणि गुलाबाचा संबंध मला कळला नाही. जेवताना तिने फक्त मीठ हवंय का, एवढंच विचारलं.

खरं सांगायचं तर वाईट वाटलं. पण निकालाच्या दिवशी हीच पहिली पुढे येईल.

२६ ऑक्टोबर
बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जाहीर सभा. खुर्च्या भरपूर. माणसं: माझा मेहुणा (नाव दुसऱ्या वॉर्डात, पण चहा आहे म्हणून आला), आणि दोघे शिडी न्यायला आलेले. शिडी इलेक्ट्रिशियनकडे होती, हे कळल्यावर ते दोघे गेले. अध्यक्ष येणार होते, ऐनवेळी दौरा निघाला. कुठे, ते सांगितलं नाही.

भाषण पूर्ण केलं. फलकांवरचं वाक्य मस्त जमलं. मेहुणा म्हणाला, भावोजी, खुर्च्या फार शिस्तीत ऐकत होत्या.

न येण्याची कारणं उघड आहेत. पाणी येण्याची वेळ आणि माझी वेळ एक झाली. शिवाय पाठिंबा इतका पक्का असला की लोक सभेला येत नाहीत. आलं पाहिजे असं त्यांना वाटतच नाही.

१६ नोव्हेंबर
उमेदवारी अर्ज भरला. चिन्हासाठी पसंतीचे तीन रकाने होते. पहिल्यात शिडी लिहिलं. बाकीचे दोन रिकामे सोडले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, भरा हो, असू द्या. मी त्यांना हसून सांगितलं, ज्याला आपण कोण हे माहीत आहे त्याला दुसरी पसंती नसते.

बाहेर पडताना रांगेत इलेक्ट्रिशियन दिसला. अपक्ष! गल्लीतल्या लोकांनीच आग्रह केला म्हणे. माझा सहसंयोजक! पण मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो उभा राहिला तर विरोधकांची मतं फुटतात, हे त्या साध्या माणसाला कुठून कळणार?

२१ नोव्हेंबर
लिहायची इच्छा नाही.

पक्षाची नोंदणी वेळेत पूर्ण झाली नाही, म्हणून शिडी पक्षासाठी राखीव नाही. कुणीही मागू शकतं. इलेक्ट्रिशियननेही पहिली पसंती शिडी लिहिली होती. का, विचारलं तर म्हणाला, लोक मला शिडीवरच बघतात ना. अधिकाऱ्याने चिठ्ठी काढली. शिडी त्याला.

त्याला दुसरी पसंती होती, तिसरी होती. मला काहीच नव्हती. उरलेल्यातून अधिकाऱ्याने दिलं ते चिन्ह: उशी.

अध्यक्षांना फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. मग संदेश आला: चिन्हापेक्षा विचार मोठा. सोबत अंगठा.

२३ नोव्हेंबर
खचायचं नाही. नवा संकल्प: उशी घराघरांत.

काखेत उशी घेऊन निघालो. कोपऱ्यावरच्या काकूंनी काळजीने विचारलं, कोण ॲडमिट आहे? सांगितलं, कुणी नाही, हे माझं चिन्ह आहे. त्या म्हणाल्या, लपवू नका हो, वहिनी बऱ्या आहेत ना? पुढे रिक्षावाल्याने न विचारताच रिक्षा हॉस्पिटलकडे वळवली. दाढीवाल्याने दारात उभं राहून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, रक्त लागलं तर सांगा.

इतकी सहानुभूती कुठल्याच उमेदवाराला मिळाली नसेल. मतात कशी बदलायची, एवढाच प्रश्न.

२७ नोव्हेंबर
चार महिने मीच लोकांच्या डोक्यात शिडी ठोकली, आता मीच ती उपटतो आहे. दारोदार सांगतो, शिडी नाही, उशी. लोक म्हणतात, हो हो, शिडी. एका घरी तर बाईंनी मला धीर दिला, काळजी करू नका, आमच्या घरची सगळी मतं शिडीलाच.

अखेर कठोर निर्णय घेतला. शिडी बाथरूममध्ये ठेवून बाहेरून कडी घातली. प्रचार संपेपर्यंत कुणाला देणार नाही. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली फिरकून गेली. निवडणूक आली की नेते कसे बदलतात, असं जिन्यात कुणीतरी बोललं. मी इतके दिवस यांच्या पंख्यांखाली उभा राहून मान मोडून घेतली, त्याचं काही नाही!

ही म्हणाली, शिडी द्या, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या घरात अंधार आहे. दिली नाही. इलेक्ट्रिशियन स्वतःची नवी शिडी घेऊन आला आणि दिवा लावून गेला.

आंघोळ स्वयंपाकघरात करावी लागली.

१ डिसेंबर
मतदान. ही सोबत आली. गेल्या आठवड्यापासून आमचं बोलणं कामापुरतंच. वाटेत तिने माझी कॉलर नीट केली. मी खूण म्हणून नोंद घेतली.

आत काय झालं ते लिहायलाच हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

यंत्रावर उशी चौथी होती. शिडी दुसरी. माझ्या मनात पूर्णपणे उशी होती. पण शिडी दिसली आणि बोट गेलं. यंत्राची रचनाच चुकीची आहे, चिन्हं फार ठळक छापतात. चार महिन्यांची सवय, उजेड कमी, चष्मा खिशात. यंत्र केवढ्यांदा वाजलं! मी अधिकाऱ्याला म्हटलं, पुन्हा एकदा दाबू का? तो म्हणाला, पुढचे या.

एका मताने काय होतं? इतकी मतं पडणार आहेत.

३ डिसेंबर
निकाल.

इलेक्ट्रिशियन प्रचंड मतांनी विजयी. सत्ताधाऱ्यांचंही डिपॉझिट गेलं. शिडीची लाट होती, असं सगळे म्हणतात. ती लाट आणली कुणी, हे कुणी म्हणत नाही.

मला एक मत. एक.

अध्यक्षांचा नंबर आता अस्तित्वात नाही.

दुपारी मेहुणा आला. सोफ्यावर बसून पोट धरून हसला. म्हणाला, भावोजी, एक म्हणजे तुमचं स्वतःचंच! म्हणजे ताईनेसुद्धा नाही दिलं! ताई, कमाल केलीस गं! शेजारच्या काकू दारात होत्या. त्यांनीही हिच्याकडे पाहिलं. बढती गेली, गच्चीचं घर गेलं, तिने वचपा काढला, असं सगळ्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी शिडीकडे बघत बसलो.

ही एक शब्द बोलली नाही. सगळ्यांना चहा दिला.

ते गेल्यावर कपबशा उचलताना तिने विचारलं, तुम्ही कुठलं बटण दाबलंत?

म्हटलं, मतदान गुप्त असतं.

ती म्हणाली, हो, म्हणूनच भावासमोर गप्प बसले.