पाळीवर कोण कोण आलं

प्रिय नंदू,

रोज फोन होत असताना ताईला हे पत्राचं खूळ कुठून सुचलं, म्हणशील. आपल्या घरात फोनवर बोललेलं सगळं बाबांच्या खाटेपर्यंत जातं. त्यांचा उजवा हात गेला, जीभ जड झाली, पण कान शाबूत आहेत.

तू आयकर खात्यात लागलास तेव्हा गावभर पेढे त्यांनीच वाटले आणि संध्याकाळी भांडणही त्यांनीच काढलं. मग दर दिवाळीला तोच फड. माणसाच्या कमाईला सरकारने सक्तीने हात लावूच नये, खरेदी-विक्रीवर, खाणींवर, जंगलावर भागवावं आणि कमी पडलं तर लोकांपुढे पदर पसरावा, असं त्यांचं म्हणणं. तू म्हणायचास, दारातल्या रस्त्याला लोक देतील, दूरच्या गावातल्या दवाखान्याला कोण देणार? मग ते आपलं ठेवणीतलं बाहेर काढायचे, "आपल्या तलावाले कोनता कायदा हाये रे? ज्याले पानी पायजे, तो पाळीवर माती टाकाले येतेच." मला दोघांचंही पटायचं, म्हणून मी गुमान भात वाढत राहायची.

यंदा उन्हाळ्यात तलावाची पाळ खचली, मातीच्या बांधाला भगदाडच पडलं. आपली रीत तुला ठाऊकच आहे. घरामागे एक माणूस, आपापलं फावडं-घमेलं घेऊन, आणि न येणाऱ्याला दंड नाही. बाबांनी दवंडी दिली. दोन म्हातारे आले, चहा पिऊन गेले. पोरं नागपूर-हैदराबादला, आणि ज्यांच्या शेतात बोअर आहे त्यांना तलावाशी काय घेणंदेणं? सरपंच म्हणाले, दंड लावू, झक मारत येतील. बाबा सभेतून उठूनच आले. दंडाच्या भीतीने येणारा माणूस त्यांना पाळीवर नको होता. मग ते एकटेच जाऊ लागले. मी रागावले, रडले, शेवटी घमेलं घेऊन त्यांच्या मागे निघाले. एका दुपारी ते माझ्यासमोरच कोसळले. नंदू, मला या गावाचा फार राग आला, अजून गेलेला नाही.

गोंदियाच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते हेच, "पाळीवर कोन कोन आलं?" मी म्हटलं, सगळे आले, बाबा. ते भिंतीकडे तोंड करून रडले, समाधानाने. तेव्हापासून रोज विचारतात आणि मी रोज एकेका घराचं नाव घेते. खरं तर पाळ सरकारी योजनेतून आलेल्या जेसीबीने बांधली. तुमच्या त्या सक्तीच्या पैशातून. कामही चांगलं झालंय, खोटं कशाला बोलू? तो आवाज बाबांनी ऐकला, तेव्हा मी रस्त्याचं काम चाललंय म्हणून सांगितलं.

आता पुन्हा दवाखान्यात आणू नका, असं डॉक्टर म्हणतात. त्याचा अर्थ तुला कळेल. शनिवारी तू येशील, आणि जीभ वळत नसली तरी ते तो वाद काढतीलच. वाद तू जिंकलास, नंदू. मला ते मान्य आहे आणि त्याचं फार दुःखही आहे. पण या वेळी हार पत्कर. त्यांच्या उशाशी बस आणि सांग, बाबा, मी पाळीवरूनच येतोय, सगळं गाव लोटलं होतं. माझ्या सांगण्याचा त्यांना हल्ली संशय येतो. तू आजवर एकदाही त्यांच्या बाजूने बोलला नाहीस, म्हणून तुझंच त्यांना खरं वाटेल.

तुझीच,
प्रेमिलाताई