दोराचं खालचं टोक

११ फेब्रुवारी

दादा,

कसा आहेस? वहिनी कशी आहे? मुलं आपापल्या व्यापात असतील. मी ठीक आहे. रक्तदाब गोळीवर चाललाय आणि गुडघे रागावर.

रीतीप्रमाणे विचारून झालं. आता भांडते.

तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं आणि मी दारातच खुर्ची ओढून बसले. इतक्या वर्षांनी कागदावर लिहितोयस म्हणजे एक तर आजारी असशील, नाहीतर येणार असशील. दोन्हीपैकी काही नाही! पानंच्या पानं, आणि सगळी बंबखान्याच्या मनोऱ्यावर. मनोरा पाडू देऊ नकोस, तू नगरसेविका आहेस, वारसा जपणं तुझं कर्तव्य आहे. माझ्याबद्दल काय, तर शेवटी 'तू बरी असशीलच.' असशीलच म्हणे! विचारायला काय झालं होतं रे?

तुला कुठून कळलं तेही मला ठाऊक आहे. गाव सोडून गेलेल्यांचा तुमचा तो फोनवरचा ग्रुप. कुणीतरी मनोऱ्याचा फोटो टाकला असेल आणि सगळ्यांना एकदम गहिवर फुटला असेल. तुमचं बरं आहे. तुम्हाला गाव जसंच्या तसं हवं, आणि राहायचं मात्र आम्ही.

आता नगरसेविका म्हणून सांगते, नीट वाच. वारसा खातं मनोऱ्याच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च देणार. निम्मा म्हटलं की सगळ्यांचे डोळे चमकतात. पण उरलेला निम्मा आमच्या नगरपालिकेने घालायचा, आणि पुढे जन्मभर रंग, डागडुजी, रखवालदार, सगळं आमच्या गळ्यात. तिजोरीत तेवढं नाही. म्हणून अध्यक्षांनी शोधून काढलंय की दवाखान्याची बस बंद करू या. म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरापासून दवाखान्यापर्यंत नेणारी छोटी बस. तिच्यासाठी मी किती चपला झिजवल्यात ते त्या कचेरीच्या जिन्याला विचार.

माझ्या शेजारी एक शिलाईवाल्या काकू राहतात. तू गाव सोडल्यावर आल्या त्या इथे. आता दर मंगळवारी त्या बसने जातात, पायाची जखम बांधून घ्यायला. बस गेली तर त्यांनी काय करायचं? मनोऱ्याकडे बघत बसायचं?

आमच्या अध्यक्षांना सगळे गॉगल म्हणतात, कारण सभागृहातसुद्धा तो डोळ्यांवरून उतरत नाही. त्याला मनोऱ्याशी देणंघेणं नाही, त्याला त्यावर आपल्या नावाची पाटी हवी. सोबत एक वास्तुतज्ज्ञ आणलाय. तो विटांवरून हात फिरवतो आणि डोळे मिटतो. मी म्हटलं, "अहो, ताप बघताय का?" तर रागावला.

आणि आपण नानांच्या नोकरीपायी ज्या दोन खोल्यांत वाढलो, त्या मनोऱ्याच्या मागच्या, त्यांत कसला आलाय वारसा? ओल होती. आई सारखी खोकायची. नाना आग विझवून आले की काळे ठिक्कर, आणि भिजलेले पाइप त्याच पावली मनोऱ्यात टांगायचे, नाहीतर कॅनव्हास कुजायचा. ते काम आपल्या दोघांचं. मी बुटकी म्हणून खाली, तू वर कप्पीपाशी. मी दोर ओढायची, पाइप वर पोचला की तू खुंटीला अडकवायचास आणि ओरडायचास, "सोड!" तोवर सोडायचं नाही, हा नानांचा दम. सोडलं असतं तर तो जड पाइप तुला घेऊनच खाली आला असता. माझ्या तळहातांना घट्टे पडले होते. तुझ्या पत्रात मनोऱ्यावरून दिसणारं तळं आहे, सूर्यास्त आहे. मी ते कधी पाहिलंच नाही. मला तळ्याचं काय कौतुक?

माझं धरून मतं सारखी विभागली आहेत, आणि बरोबरी झाली की ठराव पडतो. माझ्या एका मताने बस वाचते. म्हणून मी मनोऱ्याच्या विरोधात मत देणार आहे. तुला राग येईल, येऊ दे.

एकच अडचण आहे. ज्या सभासदाचा विषयाशी घरचा संबंध असेल त्याने मतदानाआधी उठून बाहेर जायचं, असा आमच्याकडे नियम आहे. मीच भांडून करून घेतलाय तो, गॉगलने मेव्हण्याच्या दुकानापुढे फरशी घालून घेतली तेव्हा. आता सभेत कुणीतरी टोकणारच, "बाई, तुम्ही तर बंबखान्यातल्याच!" उत्तर तयार ठेवलंय. म्हणणार, नोकरीच्या खोल्या त्या, नोकरी संपली, खोल्या गेल्या, संबंध कसला? आरशापुढे उभी राहून म्हणूनसुद्धा पाहिलं.

वहिनीला विचारल्याचं सांग.

बुटकी


३ मार्च

दादा,

तुझा फोनवर निरोप आला. 'शाब्बास! फोटो पाठव.' पुढे ते टाळ्यांचं चित्र.

शाब्बासकी परत घे. मनोरा वाचला तो माझ्यामुळे, पण तुला वाटतं तसा नाही. काय झालं ते लिहिते, कारण बोलून दाखवावं असं इथे कुणी उरलेलं नाही.

सभा खचाखच भरली होती. मी बसबद्दल बोलले, चांगली बोलले. खडखडीत. मग सचिवांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "या विषयाशी कुणाचा घरचा संबंध?" मी पदर सावरून बसले. उत्तर जिभेवर होतं. आता कुणीतरी हसून माझ्याकडे बोट करील, मग मी त्याला झाडीन.

कुणी बघितलंसुद्धा नाही, दादा.

मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. एकजण फोनमध्ये, एकजण जांभई देतोय. सगळे माझ्यानंतरचे. ज्यांना माहीत होतं ते बंबवाले, त्यांच्या बायका, समोरचा सायकलवाला, शाळेतल्या बाई, एक एक करून सगळे गेले. त्या सभागृहात मी कुणाची मुलगी हे ठाऊक असलेला एक माणूस नव्हता. मला जे टोकणं चुकवायचं होतं, त्याचीच मी वाट बघत होते, हे मला तिथे कळलं.

सचिव म्हणाले, "कुणाचाच नाही. मग मतदान घेऊ या." आणि मी उठले. "माझा आहे," म्हणाले. "बंबखान्याचे मुकादम होते ना, ते माझे वडील. मागच्या खोलीत माझा जन्म झालाय. मनोऱ्यात पाइप आम्ही वाळत घालायचो, मी आणि माझा भाऊ." एवढं तर कुणी विचारलंही नव्हतं.

गॉगल गोड हसला. "बाई, नियम तुमचाच आहे. या आपण."

मी पिशवी उचलली आणि बाहेर आले. बाकावर बसले. आतून बाकं वाजवल्याचा आवाज आला. ठराव मंजूर, एका मताने.

लोक म्हणतात, बाई तत्त्वाच्या पक्क्या. वर्तमानपत्रातही तसंच छापून आलंय. खरं काय ते तुला सांगते. तत्त्वबित्त्व काही नाही. मी कोण आहे हे कुणाला तरी माहीत असावं, एवढंच. तेवढ्यासाठी मी बस घालवली. त्या क्षणी काकूंची आठवणसुद्धा झाली नाही मला.

दुसऱ्या दिवशी काकू काठी टेकत आल्या. "तुम्ही बाहेर का गेलात?" म्हणाल्या. मी म्हटलं, नियम आहे. "नियम तुम्हीच केला होतात ना?" मी चहा केला. त्यांनी अर्धा ठेवला. आता मंगळवारी मीच त्यांना रिक्षाने घेऊन जाते. चढताना-उतरताना दोघींचे गुडघे बोलतात, आम्ही बोलत नाही. बाकीचे म्हातारे कसे जातात ते मला विचारू नकोस. दोघे जातच नाहीत, असं कळलंय. त्यांच्यासाठी मी पुन्हा कचेरीचा जिना चढायला सुरुवात केलीय. बस परत आणीन तेव्हा आणीन.

एकटं वाटतं रे. याआधी कधी लिहिलं नाही, कारण लिहिलं की तू पैसे पाठवशील किंवा डॉक्टरचा पत्ता. सकाळपासून माणसं येतात, नळ, गटार, दिवे, दाखले. सगळ्यांना बाई हव्या असतात. संध्याकाळी दार लावलं की 'बुटके' म्हणणारं कुणी नाही. रेडिओ लावते आणि बातम्या सांगणाऱ्याशी भांडते. परवा त्याला चक्क "जेवलास का?" विचारलं. हस तू.

मनोऱ्यावर माझा राग का, ते मलाही आत्ता कुठे कळतंय. खर्चाचं सगळं खरंच आहे, एकही शब्द मागे घेणार नाही. पण रोज कचेरीत जाताना तो आडवा येतो ना, त्याच्याकडे न बघता जायचं म्हणून मी रस्त्याची पलीकडची कड धरते. तो पडला असता तर सुटले असते, असं वाटायचं.

काल पाहणीला आत गेले. वास्तुतज्ज्ञ बरोबर होता. आत कबुतरांनी घाण केलीय, खुंट्या गंजल्यात. आणि दोर तसाच लोंबतोय, कप्पीतून खाली. मी पिशवी ठेवली आणि टोक हातात घेतलं. सहज. हाताने आपोआप पिळा घातला, जसा नानांनी शिकवला होता. वर बघितलं. वरच्या खिडकीतून उजेड येत होता, तिथे तू बसायचास, पाय लोंबकळत सोडून.

वास्तुतज्ज्ञ म्हणाला, "बाई, सोडा तो. कुजलाय, तुटेल."

मी म्हटलं, "तुमच्या सांगण्यावरून कशी सोडू?" वेडी झाली असंच वाटलं असेल त्याला.

फोटो पाठवणार नाही. डागडुजी सुरू व्हायला उन्हाळा उजाडेल, तोवर किल्ली माझ्याकडे आहे. ये. पायऱ्या शाबूत आहेत, मी मोबाईलच्या उजेडात तपासल्या. तू वर जा, हळू जा, आता तुझंही वय झालंय. वर गेलास की तळं दिसतंय का ते मला सांग. आणि एकदा खाली वाकून ओरड.

तू म्हणेपर्यंत न सोडणारी,
बुटकी