शंभर मोजा, मग चालू करा

३ फेब्रुवारी
ठरले एकदाचे बिनतारी सेट! दरीपलीकडच्या चौदा घरांना इंटरनेट द्यायचंय. तेरा घरं टेकडीवर, एकच खाली झाडांच्या रांगेमागे – बाबांचं. तिथे मोबाइलला रेंज नाही. आमचे शिडीमामा, चाळीस वर्षं खांबांवर चढणारे, जुना, संथ पण झाडांतूनही पोचणारा सेटच घ्या म्हणून हटून बसले. "पोरी, झाडं आत्ता उघडी आहेत. पानं फुटली की तुझा हा वेगवान सेट मान टाकेल." मी म्हटलं, मामा, खांबावरून दुर्बिणीतून बाबांचं छप्पर लख्ख दिसतंय, अजून काय हवं? निवड माझी. सहीही माझीच.

११ फेब्रुवारी
बाबांच्या छपरावर डिश मीच बसवली. खाली शिडी धरून बाबा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस – नट आवळला तर म्हणे, "पाव आटा जास्त झाला." कटकट नुसती! बटणाशेजारी कार्ड चिकटवलं: चालेना तर बंद करा, शंभर मोजा, मग चालू करा. रोज संध्याकाळी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. "सात म्हणजे सात हं," बाबा म्हणाले.

२ मार्च
सात म्हणजे सात. आज अर्धा तास माझ्या वाढत्या वजनावर प्रवचन. मजा आली.

९ एप्रिल
भांडलो. बोलता बोलता बाबा दोनदा छातीवर हात ठेवून थांबले. माझ्याकडे राहायला या म्हटलं, तर "घर सोडणार नाही." मी ओरडलेच – मग बसा तिथे एकटे! "तुझं हे यंत्रच बंद करून टाकतो," म्हणाले. चित्र आधीच अडखळत होतं. तेही गेलं.

१४ एप्रिल
ऑफिसच्या पडद्यावर बाबांच्या घराचा दिवा दिवसभर लाल, म्हणजे जोडणी तुटलेली. सात वाजले की हिरवा होतो, मी फोन हातात घेईपर्यंत परत लाल. मुद्दाम! मला दाखवायला!

१५ एप्रिल
तेच.

२१ एप्रिल
मीही त्यांचीच मुलगी. आधी ते बोलतील, मग मी. शिडीमामा म्हणाले, "एकदा जाऊन ये गं." दोन तासांचा रस्ता आहे. रविवारी बघू.

२३ एप्रिल
आज तर दुपारीच खेळ सुरू! हिरवा, लाल, हिरवा, लाल – आठ वेळा. शेजारच्या टेबलावरचीला हसून दाखवलं, "बघ, आमचे तीर्थरूप रुसलेत." मग लालच राहिला.

२४ एप्रिल
बाबा गेले.
सकाळी पोस्टमन दार वाजवून वाजवून थकला, मग त्यानं टेकडीवरच्या एका घरातून फोन केला. डॉक्टर म्हणतात, काल दुपारीच.

२५ एप्रिल
पोस्टमन भेटायला आला. म्हणाला, "मागच्या आठवड्यात विचारलं होतं मी, यंत्र बिघडलंय तर लेकीला कळवू का? म्हणाले, नको. सेट तिनं निवडलाय, ऑफिसात तिला बोल लागेल." बिघडलं होतं? अहो, ते स्वतःच बंद करत होते ना!

२७ एप्रिल
मामांबरोबर खांबावर चढले. दुर्बीण लावली. छप्पर नाही. नुसती पानं! कोवळी, दाट, वाऱ्यावर हलणारी पानं. मामांनी माझ्या हातातली दुर्बीण काढून घेतली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच तोडलं बाबांना, माझ्या हातानं. पण मग सातला तो दिवा क्षणभर हिरवा का व्हायचा?

२८ एप्रिल
बाबांच्या घरी. बटणाशेजारी माझं कार्ड तसंच आहे. खाली त्यांच्या बारीक अक्षरात रोजची तारीख – "७.००. बंद केलं, शंभर मोजले, चालू केलं. दिसली नाही."
२३ तारखेला हेच, दुपारी, आठ वेळा.
नवव्या ओळीत फक्त – "बंद केलं."