बाबांचे पाय

सामार बेट, फिलिपिन्स
९ नोव्हेंबर

प्रिय चिहारुताई,

तुझं पत्र पोचलं. तू, भावोजी, बाळ सगळे बरे असाल असं धरून चालतो. मीही मजेत. वादळात उडालेलं शाळेचं छप्पर बसवून झालं, आता तंबूतल्या म्हाताऱ्यांचे पाय धुतो. तिकडे जपानात करायचो तेच. इथले बोकड फार आगाऊ आहेत, काल एकानं माझा टॉवेल खाल्ला. म्हणजे अर्धा.

इथे पासिंगमावशी म्हणून एक आहे, मासे वाळवते. पहिल्या दिवशी टबात पायच घालेना. म्हणाली, "पोरा, परक्या बायकांचे पाय चोळतोस हे तुझ्या आईला कळलं, तर कान उपटेल तुझे." सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. नंतर तिला कोणीतरी आई भूकंपात गेल्याचं सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी आपणहून आली, पाय पाण्यात सोडले आणि वाहून गेलेल्या नवऱ्याबद्दल बोलत राहिली. मला निम्मं कळत नव्हतं. तिला चालत होतं.

असंच होतं, ताई. इतक्या जणांचे पाय धुतले, गप्प कोणीच राहिलं नाही. पाणी कोमट लागतं आणि समोर कोणीतरी मान खाली घालून बसलेलं लागतं, बस. घरात कधी न काढलेला विषय माणूस तिथे काढतो.

तू लिहितेस, बाबा पेजेवर आलेत, डॉक्टर वसंत ऋतूपर्यंतचीही आशा देत नाहीत. भूकंपाच्या दिवसाबद्दल अजून अवाक्षर नाही. आणि मागणं एकच, "सोसुकेला बोलव. जगाचे पाय धुतो म्हणे, माझेही धुऊ दे." तुला तो म्हातारपणचा हट्ट वाटतो.

कॉलेजला वर्षाची सुट्टी टाकली तेव्हा मी सगळं वर्ष आपल्या गावातच काम करणार होतो, आठवतं? मे महिन्यात त्या तात्पुरत्या घरांच्या हॉलमध्ये कुराता आजोबा आले, आपल्या गल्लीच्या टोकाचे. त्यांना मोतीबिंदू, माझ्या तोंडाला मास्क. ओळखलं नाही. पाय पाण्यात गेले आणि तातामी चटया विणणाऱ्याच्या, त्या तातामीवाल्याच्या पडलेल्या घराबद्दल बोलायला लागले. म्हणजे बाबांच्या, आपल्याच. अंधार पडेपर्यंत ढिगाऱ्याखालून गल्लीत काय ऐकू येत होतं, आणि तातामीवाला कुठे बसून ते ऐकत होता.

पुढचं लिहीत नाही. मी त्यांचे पाय पुसले, मोजे चढवले. त्याच आठवड्यात आमच्या मदतसंस्थेच्या परदेशी निघालेल्या तुकडीत नाव घातलं. तुम्हाला सांगितलं, जग बघायचंय.

आई क्षणात गेली, असं बाबांनी आपल्याला सांगितलंय. बाळ मोठं झाल्यावर तूही त्याला तेच सांग.

मी येत नाही. रजा मिळते, तिकीटही संस्था काढून देते, तेव्हा माझ्यासाठी सबबी शोधू नकोस. बाबा काहीच न बोलता जातील, हे मला कळतं. मला ते त्यांच्या तोंडून ऐकणं झेपणार नाही, एवढंच.

त्यांचे पाय गार पडत असतील तर तेल लाव, लोकरीचे मोजे घाल, शेकायची पिशवी दे. टबात पाणी मात्र भरू नकोस. फारच मागे लागले तर नर्सला बसव आणि तू दार ओढून बाहेर जा. लांब जा.

त्यांना नमस्कार सांग असं लिहिणार होतो. नको सांगूस.

अजून तरी तुझा भाऊ,
सोसुके