काढा आणि साडेसहा मार्क

३ जून, सकाळी ७
आजपासून काढा. लसूण, हळद, शिवाय मेव्हण्याने दिलेल्या तीन मुळ्या. महिन्याभरात गोळी सुटेल म्हणतो. हृदयाची झडप बदलल्यापासून, रक्त पातळ ठेवायची ती गोळी दोन वर्षं गिळतोय. वैताग आलाय. बायकोला सांगितलेलं नाही. उगाच कटकट.

१० जून
रक्ताचा रिपोर्ट: ३.४. मागच्या वेळी २.५. आठवड्यात एवढी प्रगती! तीस वर्षं गणित शिकवलं, आकडा चढला की मला बरं वाटतं. दोन ते तीनमध्येच हवा म्हणे. डॉक्टरांना पास होण्यापुरतंच लागतं. डॉक्टरीणबाईंनी गोळी थोडी कमी केली. सुटायला लागली की! आणखी कुठलं औषध घेता का, विचारलं. नाही म्हणालो. काढा म्हणजे काय औषध आहे? पालापाचोळा तो.

१४ जून
काढा आता दोनदा, पेलाभर. दात घासताना रक्त. ब्रश कडक आहे. बदलायला हवा.

१९ जून
मांडीवर हा एवढा काळानिळा डाग. टेबल लागलं असेल. आठवत नाही. बायको खोदून खोदून विचारते. दमलोय म्हटलं. खरंच दमलोय.

२४ जून, सकाळी १०
६.५! मेव्हण्याला फोन केला. तू किती घेतोस, विचारलं. म्हणाला, मी कशाला घेऊ, मला काय धाड भरलीय?
दवाखान्यातून दोनदा फोन येऊन गेला. अभिनंदनाचा असणार. दाढी करताना कापलंय, तासभर झाला, थांबत नाही. टॉवेल बदलला. तिसरा.

२७ जून, हॉस्पिटल
आकडा चढणं म्हणजे रक्त गोठायचंच विसरणं. काढ्याने गोळीचा जोर वाढवला होता. हे मला काल समजावून सांगितलं, दोनदा.
काढा किती घेत होता, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. कधीतरी, घोटभर, म्हणालो. बायकोने कपड्यांच्या पिशवीतून ही वही काढून त्यांच्या हातात दिली. बाई पहिल्या पानापासून वाचत बसल्या, नर्स खांद्यावरून. 'पालापाचोळा'पाशी दोघी थांबल्या. मी भिंतीकडे बघत होतो.
त्या गेल्यावर बायको म्हणाली, "मला एकटीला टाकून कुठे निघाला होतात?"
उद्यापासून मी काय खातो-पितो ते ती लिहिणार. मी फक्त सही करायची.